दाबोळीवरील ऐंशी खंडी

खानदेशातल्या माणसाला मोठ्या वजनाची खरी कल्पना येते ती कापसाच्या खंडीवरून. टन म्हटले की तो मान डोलावतो, परंतु खंडी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे जिनिंगचे आवार, प्रेसमधून निघालेल्या आवळलेल्या गाठी आणि त्या चढविताना वाकलेल्या हमालांच्या पाठी एकदम उभ्या राहतात. मुंबईच्या कापूसबाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही खंडी ७८४ पौंडांची. त्या हिशेबाने ६३,००० पौंड म्हणजे ऐंशी खंडींहून किंचित अधिक, आणि गाठींत मोजू गेल्यास दीडशेच्या वर गाठी. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी गोव्यातील दाबोळीच्या पठारावर, तेथील एकुलत्या एक धावपट्टीवर, इतक्या वजनाची स्फोटके अवघ्या काही मिनिटांत आकाशातून उतरली, आणि ती उतरविणारी १२ कॅनबेरा विमाने साडेतीनशे किलोमीटरांवरील पुण्याच्या लोहगाव तळावरून निघालेली होती. त्या तळावरील बॉम्बफेकी तुकड्यांची ही पहिलीच लढाऊ कामगिरी.

ही कामगिरी लष्करी इतिहासात फार मोठी गणली जात नाही. प्रतिपक्षाजवळ, म्हणजे गोव्यातील पोर्तुगीजांजवळ, एकही लढाऊ विमान नव्हते. विमानविरोधी तोफा होत्या त्या मोजक्या आणि जुनाट, आणि त्यांच्यावरील गोलंदाजांना फुटबॉलचा संघ म्हणून गोव्यात आणविले होते अशी हकीगत सांगतात, ती खरी मानली तरी आठवड्या-दोन आठवड्यांच्या फुटबॉलपटूंकडून विमान पाडले जाण्याची धास्ती कोणी बाळगली नसावी. तथापि मला या मोहिमेचे आकर्षण वाटते ते निराळ्याच कारणाने. काय फोडावयाचे हे सांगणारे हुकूम युद्धात रोजच निघतात. काय फोडावयाचे नाही हे तितक्याच निक्षून सांगणारा हुकूम घेऊन एखादे बॉम्बफेकी दळ आपल्या पहिल्या स्वारीवर निघाल्याची उदाहरणे विरळा.

आपल्याकडे बॉम्बफेकीची परंपरा उसनवारीवर आणि भंगारावर उभी राहिली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. भारतीय वैमानिकांच्या पहिल्या स्क्वॉड्रनकडे १९४१ मध्ये लायसँडर जातीची विमाने आली ती मुंबई इलाख्याच्या युद्धनिधीतून, आणि म्हणून त्या तुकडीला मुंबईचे नावही मिळाले. आपले पूर्व व पश्चिम खानदेश हे जिल्हे त्या वेळी त्याच इलाख्यात मोडत. लायसँडर हे मुळात टेहळणीचे, संथ गतीचे विमान. बॉम्बफेकीसाठी ते जन्मलेच नव्हते. १९४२ च्या फेब्रुवारीच्या आरंभी ही तुकडी ब्रह्मदेशातील टौंगू येथे पोहोचते न पोहोचते तोच जपान्यांनी तिच्या तळावर बॉम्ब टाकले, तेव्हा तिचे प्रमुख करुणकृष्ण मजुमदार यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या लायसँडरला दोन बॉम्ब लटकावून सयामच्या हद्दीतील जपानी तळ गाठला आणि तेथील विमानघरावर ते अचूक टाकले. स्वातंत्र्यानंतर, २ नोव्हेंबर १९४८ रोजी, कानपूर येथे पहिली खरीखुरी बॉम्बफेकी स्क्वॉड्रन उभी राहिली; तिची लिबरेटर विमाने मात्र महायुद्ध संपल्यावर परत जाताना दोस्तांनी जाणूनबुजून मोडून टाकलेल्या ढिगाऱ्यातून निवडलेली. ती कशीबशी उडण्याजोगी करून कानपूरहून बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात नेण्याचे काम जमशेद कैकोबाद मुन्शी या परीक्षक वैमानिकाने केले, आणि एकामागून एक अशी चाळीसेक मोडकी विमाने त्या माणसाने उडवीत नेली, ही गोष्ट एरवी दंतकथाच वाटली असती.

कोरी करकरीत बॉम्बफेकी विमाने मिळावयास १९५७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या जानेवारीत इंग्लंडकडे ५४ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांची, ८ छायाचित्रण करणाऱ्या विमानांची आणि ६ शिकाऊ विमानांची मागणी नोंदविण्यात आली. दोन जेट एंजिनांचे, रुंद पंखांचे, दिसावयास काहीसे शांत प्रकृतीचे असे हे विमान. त्याच्या भारतीय आवृत्तीत माणसे दोनच: वैमानिक वर काचेच्या घुमटाखाली, आणि मार्ग आखणारा नॅव्हिगेटर आतील अंधाऱ्या कोंदणात, तेथून लक्ष्य जवळ आले की त्याने नाकाडाच्या काचेत पालथे पडून नेम धरावयाचा. संकट आले तर आसनासकट बाहेर फेकले जाण्याची सोय फक्त वैमानिकाला. नॅव्हिगेटरने छत्री बांधून बाजूच्या दारातून उडी घ्यावयाची. एकाच विमानातील दोन जिवांची अशी निरनिराळी किंमत यंत्र बनविणाऱ्याने कोणत्या हिशेबाने लावली असेल, हे मला कळत नाही. परंतु अशा आसनावर बसून शेकडो तरुणांनी वर्षानुवर्षे निमूटपणे नोकरी केली. १९६१ च्या डिसेंबरच्या प्रारंभीच आग्र्याच्या कॅनबेरांच्या एका तुकडीने संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काँगोतील कोल्वेझी येथे शस्त्र चालविले होते. स्वदेशाच्या भूमीवरून, स्वदेशाच्या कारणासाठी कॅनबेरा झेपावल्या त्या मात्र गोव्यावरच.

येथे तुलनेसाठी दुसऱ्या एका पहिल्या स्वारीची आठवण होते. १७ ऑगस्ट १९४२ रोजी इंग्लंडमधून अमेरिकेच्या आठव्या वायुसेनेच्या अवजड बॉम्बफेकी विमानांनी जर्मनव्याप्त फ्रान्सवर पहिला हल्ला केला. विमाने तेथेही बाराच होती. लक्ष्य होते रुआँ शहरालगतचे सोतव्हील हे रेल्वेचे यार्ड, म्हणजे आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तिकडचे भुसावळ: गाड्या जोडण्या-तोडण्याचे रूळ, एंजिनांची शेड, दुरुस्तीचे कारखाने. सुमारे अठरा टन बॉम्ब टाकून सर्व विमाने सुखरूप परतली. त्या बॉम्बांपैकी निम्मे लक्ष्याच्या आसपास पडले, तेवढ्यानेच सेनापती संतुष्ट झाले. आघाडीच्या विमानाचा वैमानिक होता पॉल टिबेट्स. तोच पुढे तीन वर्षांनी हिरोशिमावर गेला. बारा विमानांच्या त्या पहिल्या स्वारीपासून पुढे शहरेच्या शहरे भाजून काढणाऱ्या हजार-हजार विमानांच्या थव्यांपर्यंतचा प्रवास किती झपाट्याने झाला, हे पाहिले म्हणजे बॉम्बफेकी दळाची पहिली स्वारी हा किती नाजूक क्षण असतो ते ध्यानात येते. कारण त्या दिवशी जी सवय लागते तीच अंगवळणी पडण्याचा संभव फार.

गोव्याच्या प्रश्नाची पूर्वपीठिका मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. पोर्तुगालच्या सालाझार सरकारने चौदा वर्षे वाटाघाटींना दाद दिली नव्हती, १९५५ च्या सत्याग्रहींवर गोळ्या चालविल्या होत्या, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीव बेटावरील शिपायांनी समुद्रातून चाललेल्या साबरमती या प्रवासी बोटीवर गोळीबार करून सबुरीचा शेवटचा धागाही तोडला होता. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालील १७ वी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची छत्रीधारी ब्रिगेड बेळगावच्या बाजूला गोळा झाली. हवाई मोहिमेची सूत्रे एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्याकडे सोपविण्यात आली, आणि पुणे व बेळगावजवळचे सांबरा हे तळ तिच्यासाठी मुक्रर झाले.

पिंटो यांच्याकडे आलेल्या हुकुमाची कलमे वाचण्यासारखी आहेत. दाबोळीची धावपट्टी निकामी करावयाची, परंतु विमानतळाची इमारत व अन्य सोयी यांना धक्का लागता कामा नये. बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त करावयाचे. दमण व दीव येथील विमानतळ शत्रूला वापरू द्यावयाचे नाहीत, पण आगाऊ परवानगीवाचून त्यांच्यावर हल्लाही चढवावयाचा नाही. शिवाय पुढे सरकणाऱ्या पायदळाला साहाय्य करावयाचे. कारकुनी थाटाच्या या कलमांत ‘परंतु’ आणि ‘पण’ हे दोन शब्द किती भारी आहेत ते वायुदलाच्या माणसालाच कळेल. कारण पाच-पाच हजार पौंडांचा भार घेऊन वेगाने जाणाऱ्या विमानाला इमारतीच्या अंगणातील पट्टी तेवढी खण, असे सांगणे म्हणजे तोफेने अक्षर गिरविण्यास सांगण्यासारखेच आहे.

यात निव्वळ भूतदया होती असे मानण्याइतका मी भाबडा नाही. ज्या वाड्यात दोन दिवसांनी आपणच राहावयास जाणार त्याचे तुळया-खांब कोणी फोडीत नाही, हा साधा प्रपंचाचा विचार त्यात होताच; गोव्यातील लोक आपलेच, त्यांच्या माथ्यावर चुकलेला बॉम्ब पडला तर मुक्ती कसली, हा विचारही होता; आणि जगाच्या पंचायतीत उद्या जाब द्यावा लागेल, हेही दिल्लीला पक्के ठाऊक होते. परंतु हेतू मिश्र असला म्हणून संयमाचे मोल उणावत नाही. खानदेशाने संयमावाचूनचा विजय पाहिलेला आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत सर टॉमस हिस्लॉप याची फौज तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापुढे आली, तोफांनी दरवाजे फोडले, आत शिरताना झालेल्या झटापटीत काही इंग्रज अधिकारी पडले, आणि त्याच्या सुडापोटी तीनशेच्या आसपास शिबंदी कापून काढून वृद्ध किल्लेदार तुळशीराम मामा याला फासावर चढविण्यात आले. शिरपूर तालुक्यातील तो पडका किल्ला पाहताना, हुकुमात एक ‘परंतु’ असता तर काय झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या हिवाळ्यात पुणे शहर पानशेतच्या पुरातून अजून पुरते सावरलेही नव्हते. जुलैच्या १२ तारखेला धरण फुटून नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या होत्या त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. अशा शहराच्या ईशान्येच्या तळावरून विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा दक्षिणेस वळल्या. पुणे ते दाबोळी हे अंतर कॅनबेरासारख्या जेट विमानाला अर्ध्या तासाचे. सह्याद्रीची धार उजव्या हाताला ठेवून निघावे, कोल्हापूरच्या पुढे घाट ओलांडावा, तोच झुआरी नदीचे मुख, मुरगावचे बंदर आणि त्याच्या माथ्यावरील तांबूस जांभ्याचे पठार दिसू लागावे, इतके ते जवळ.

धावपट्टी फोडणे हे ऐकावयास सोपे आणि करावयास अवघड असे काम आहे. गावावर टाकलेला बॉम्ब कोठेही पडला तरी काही ना काही मोडतो. धावपट्टी ही लांबच लांब, परंतु अरुंद चीज, आणि पट्टीच्या रेषेतच उड्डाण करीत बॉम्ब सोडले व नेम हातभर बाजूला गेला तर सगळी माळ शेजारच्या गवतात पडते. आडवे छेदून गेले तर एखाद-दुसराच बॉम्ब पट्टीला लागतो. म्हणून तिरक्या कोनाने येऊन पट्टीचे तुकडे पाडावे लागतात. त्यातही बॉम्ब पडताक्षणी फुटला तर वरचे कवच तेवढे खरवडले जाते. तो थोडा आत रुतून मग फुटला पाहिजे, तरच खालची माती उचलली जाऊन खोल खड्डा पडतो आणि भोवतालचे काँक्रीट तडकून वर येते. आणि इतके करूनही धावपट्टी मेली असे म्हणता येत नाही, कारण खड्डा म्हणजे अखेर खड्डा. गडी, फावडी, पाट्या आणि दगडमाती हाताशी असली की तो बुजविता येतो. धावपट्टीवरील बॉम्बफेक हा वेळ विकत घेण्याचा व्यवहार आहे. तो वेळ किती मिळतो, हे बुजविणाऱ्याच्या निकडीवर अवलंबून.

मेनन यांच्या तुकडीमागोमाग विंग कमांडर सुरिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली आणखी ८ कॅनबेरा त्याच लक्ष्यावर येऊन गेल्या. दोन्ही खेपांना मिळून वीस विमाने, आणि विमानतळाची इमारत जागच्या जागी उभी. तिकडे सांबऱ्याहून निघालेल्या ६ हंटर विमानांनी अग्निबाण व तोफा यांच्या माऱ्याने बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले, त्यामुळे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांचा लिस्बनशी असलेला बोलण्याचा मुख्य धागा तुटला. दमणला लेफ्टनंट कर्नल भोसले यांच्या मराठा पलटणीने लढाई पत्करली. मुरगावच्या खाडीत आल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेला भारतीय फ्रिगेटींनी जेरीस आणले. या सर्वांची कथा स्वतंत्र लेखांची आहे. मला पुन्हा दाबोळीच्या पठारावर जावयाचे आहे, कारण तेथला खरा प्रसंग रात्रीच घडला.

बॉम्बफेक झाली त्या वेळी विमानतळाच्या फरशीवर दोन प्रवासी विमाने उभी होती: पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि गोव्याच्या स्थानिक कंपनीचे चार एंजिनांचे स्कायमास्टर. इमारती व सोयी यांना हात लावू नये या हुकुमाची सावली त्यांच्यावरही पडली, आणि ती दोन्ही दिवसभराच्या गदारोळातून धडधाकट उरली. संध्याकाळ होताच विमानतळाचे कामगार खड्डे बुजविण्यास भिडले. धावपट्टीचा एक भाग कसाबसा सपाट झाला. मग अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना आत बसविण्यात आले. विमान हलके व्हावे म्हणून जास्तीची आसने आणि सामान काढून बाहेर फेकण्यात आले. आणि मानुएल कोरैया रैश या वैमानिकाने ते अवाढव्य कॉन्स्टेलेशन केवळ ७०० मीटरांच्या धावेत जमिनीवरून उचलले. धावताना उडालेल्या खडी-ढेकळांनी विमानाच्या अंगाला २५ भोके पडली, एक टायर फुटला. त्याच्यामागून स्थानिक कंपनीचे संचालक मेजर सोलानो द आल्मैदा यांनी स्कायमास्टर काढले. काळोखात, दर्यावरून अगदी खालून उडत, भारतीय गस्त चुकवीत दोन्ही विमाने कराचीला पोहोचली.

७०० मीटर म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: आपल्या जळगावच्या विमानतळाची धावपट्टी सुमारे १७०० मीटर आहे आणि तेवढ्यावर मोठी जेट विमाने उतरविता येत नाहीत म्हणून आपण तक्रार करीत असतो. तिच्या अर्ध्याहूनही कमी अंतरात, रात्री, खचलेल्या जमिनीवरून, भरलेल्या विमानाला उचलणे हा धीटपणा पक्षभेद विसरून मानलाच पाहिजे.

आणि येथेच इतिहासाच्या वाचकाची पंचाईत होते. आपल्याकडील वृत्तान्तांत धावपट्टी ‘पूर्णपणे उद्ध्वस्त’ झाली असे ठसठशीत वाक्य असते. त्याच वृत्तान्तात दोन परिच्छेदांनंतर त्याच धावपट्टीवरून दोन विमाने त्याच रात्री उडून जातात, आणि लेखकाला त्यात काही विसंगत वाटत नाही. सरकारी दप्तराची भाषाच अशी असते. ज्या कामाचा हुकूम दिला ते काम पूर्ण झालेच पाहिजे. वस्तुस्थिती मात्र अशी दिसते की पट्टी फुटली, पण सर्वात मोठा शाबूत तुकडा एका हिकमती वैमानिकाच्या छातीपेक्षा आखूड होण्याइतकी फुटली नाही. त्यामुळे मोहिमेचे काही बिघडले का? यत्किंचितही नाही. बाहेरून कुमक उतरविणे दाबोळीवर अशक्य झाले होते, आणि जी विमाने निसटली त्यांत तोफा नव्हत्या, बायकामुले होती. ती अडविली गेली असती तर आपल्या विजयाच्या यादीत दोन विमानांची भर पडली असती, आणि कदाचित ज्याची आठवण काढणे नकोसे व्हावे असे काही तरी घडूनही गेले असते.

लिस्बनहून सालाझारने गव्हर्नरास पाठविलेल्या खलित्याचा आशय असा होता की पोर्तुगीज सैनिक व खलाशी एक तर जिंकलेले दिसावेत, नाही तर मेलेले. वासालु इ सिल्वा यांनी तिसरा मार्ग पत्करला. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी शरणपत्रावर सही केली. या दोन दिवसांत भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० लोक कामास आले, आणि साडेचार हजारांवर पोर्तुगीज शिपाई कैद झाले. साडेचारशे वर्षांच्या अंमलाचा हा शेवट आकड्यांत पाहिला तर अद्‌भुतच स्वस्त. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना तो तसा वाटला नसेल.

आता थोडे विषयांतर. ज्या दिवशी गोवा मुक्त झाला त्याच दिवशी, १९ डिसेंबरला, बोदवड तालुक्यातील नाडगावी जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील यांना २७ वर्षे पूर्ण झाली, आणि पुढच्याच वर्षी त्या जळगावातून विधानसभेवर निवडून गेल्या. त्यानंतर बऱ्याच काळाने, २५ नोव्हेंबर २००९ रोजी, राष्ट्रपती म्हणून तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापतिपदी असताना, चौऱ्याहत्तराव्या वर्षी वायुदलाचा गणवेष चढवून त्या सुखोई विमानातून उडाल्या, ते याच लोहगावच्या तळावरून. मेनन यांच्या बारा कॅनबेरा तेथूनच निघाल्या होत्या, हे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

गोव्याच्या आकाशात त्या आठवड्यात आणखी एक विमान हिंडले, त्याची गोष्ट कॅनबेरांच्या गोष्टीहून मला अधिक प्रिय आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून सरहद्दीवरच्या रानात दडून गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले होते; साप-विंचवांच्या शेजारात, एकाच ट्रान्समीटरवर, सहा वर्षे. पोर्तुगीज शरण आल्यावर त्या दोघांना वायुदलाच्या एका विमानात बसविण्यात आले, विमानाला ध्वनिवर्धक लावण्यात आला, आणि पणजीवर व आजूबाजूच्या गावांवर घिरट्या घालीत त्यांनी कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून गोवा स्वतंत्र झाल्याची वार्ता पुकारली, पत्रके खाली सोडली. आदल्या दिवशी ज्या आवाजाने लोक घरात दडले असतील, त्याच आवाजाने त्या दिवशी ते अंगणात आले असतील.

दाबोळीची धावपट्टी पुढे दुरुस्त झाली, इमारत तर शाबूतच होती. आणि ज्या वायुदलाने ती इतक्या निगुतीने वाचविली त्याच्या वाट्याला मात्र ती आली नाही. विमानतळ नौदलाने ताब्यात घेतला, १९६४ मध्ये कोइमतूरहून ‘हंसा’ हा आपला तळ तेथे हलविला, आणि मुलकी प्रवासी नौदलाच्या सवडीने तेथे ये-जा करू लागले. २०२४ पासून जळगावहूनही गोव्याला थेट विमान जाते. रावेर-यावलचा केळीवाला सकाळी त्यात बसतो आणि चहा निवण्याच्या आत सातपुडा मागे पडलेला पाहतो. फक्त ते विमान दाबोळीला उतरत नाही, उत्तरेकडच्या मोपा येथील पठारावरच्या नव्या विमानतळावर उतरते.